साठ किलोचा माणूस

आमच्या समितीचा एक ठरलेला माणूस आहे. वजन साठ किलो, तब्येत ठणठणीत, वय कधीच वाढत नाही. बावीस वर्षं तो आमच्या कागदांवर जेवतोय. कुठल्याही खाण्याच्या पदार्थातलं काही तपासायचं झालं की आमचे शास्त्रज्ञ आधी त्याला जेवायला बसवतात: रोज इतकं पीठ, इतकं तेल, इतकी साखर. मग त्याच्या पोटात किती विष गेलं याचा हिशेब मांडतात. त्याला काही होत नसेल, तर कुणालाच काही होत नाही असं आम्ही धरून चालतो.

मी त्या समितीची सचिव. शास्त्रज्ञ नाही. मी बैठका लावते, इतिवृत्त लिहिते, सह्या गोळा करते आणि अहवाल टाचून खाली पाठवते. खाली म्हणजे पहिल्या मजल्यावर, अन्नसुरक्षा खात्यात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. प्रश्न खालून वर येतो, उत्तर वरून खाली जातं, आणि दोन्ही फक्त माझ्या आवक-जावक नोंदवहीतून. फोन करायचा नाही, जिन्यात थांबून बोलायचं नाही, चहा तर बरोबर घ्यायचाच नाही.

हे ऐकून लोक हसतात. पण हा नियम उगाच आलेला नाही. दहा वर्षांपूर्वी गोळ्या-मिठाईतल्या एका रंगावर बंदी आली होती. तेव्हाचे अध्यक्ष आणि खालचा एक अधिकारी त्या काळात फोनवर बोलले होते. काय बोलले कुणास ठाऊक, बहुतेक हवापाणीच. पण कंपनीच्या वकिलाने ते फोन कोर्टात काढले, समितीचा सल्ला आधीच ठरवून घेतलेला होता असं म्हटलं, आणि बंदी उडाली. तो रंग पुढे दोन वर्षं मुलांच्या जिभांवर होता. तेव्हापासून आम्ही सगळे मुके झालो.

माझं घोडं अडायचं ते वेगळ्याच ठिकाणी. खाली प्रश्नांचे मसुदे करणारा अधिकारी म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, आई लवकर गेल्यावर त्याला मीच वाढवला, आणि आजही आम्ही एकाच घरात राहतो. तो, त्याची बायको, त्यांची आठ महिन्यांची मुलगी आणि मी. तो खात्यात लागला तेव्हा आम्ही दोघांनी लेखी हमी दिली: घरात कचेरीचा विषय काढणार नाही. आठ वर्षं आम्ही ती पाळली. इतकी की जेवताना कुणी मीठ कमी झालंय म्हटलं तरी आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प व्हायचो. माझी भावजय म्हणायची, "दोघं भावंडं तोंडाला कुलूप लावून बसता, मी भिंतीशी बोलू का?" आणि ती खरंच बोलायची, भिंतीशी नाही, पण समोरच्या दाराच्या शेजारणीशी. भावजय मनाची निर्मळ, पण तिच्या पोटात काही राहत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत जिन्याला माहीत.

तर त्या मंगळवारी बैठकीला जो प्रश्न होता, तो धाकट्याच्या हातचा होता. धान्याच्या पिठात एक बुरशी धरते, तिचं विष पिठात उतरतं. ते लगेच मारत नाही. वर्षानुवर्षं यकृतात काम करत राहतं. त्याची पिठातली सध्याची मर्यादा प्रौढ व्यक्तीसाठी सुरक्षित आहे का, असा प्रश्न होता. सोबत सोळा पदार्थांची यादी. सात सदस्यांनी आकडेमोड केली. साठ किलोचा माणूस नेहमीप्रमाणे जेवून उठला, त्याला काही झालं नाही. अध्यक्ष म्हणाले, "उत्तर होय. पुढचा विषय."

"एक मिनिट," विषाच्या बाई म्हणाल्या. त्या विषतज्ज्ञ, अख्खी इमारत त्यांना विषाच्या बाई म्हणते आणि त्यांना ते माहीत आहे. "यादीत चौदा नंबरला काय आहे बघितलंत? बाळांचं तयार खाणं. ते प्रौढ माणूस खातो का?"

अध्यक्षांनी चष्मा वर केला. निवृत्त प्राध्यापक, शिस्तीचे. "आपल्याला प्रौढांबद्दल विचारलंय."

"पण खाणार कोण? आठ किलोचं मूल, दिवसातून दोनदा, चाळीस-चाळीस ग्रॅम. किलोमागे आपल्या माणसाच्या तिप्पट जातं. आणि बाजारातले नमुने बघा. एका कंपनीचे सगळे डबे मर्यादेला अगदी टेकलेले आहेत."

"मान्य. पण विचारलं तेवढंच सांगायचं ही आपली पद्धत आहे. उरलेलं परिशिष्टात घाला, 'इतर निरीक्षणे' म्हणून."

ही पद्धतही त्या रंगाच्या प्रकरणानंतरच पडली होती. न विचारलेलं सांगितलं की वकील म्हणतो, समितीला कुणीतरी सुचवलं. मी खाली मान घालून लिहीत होते: इतर निरीक्षणे, मुद्दा तीन. पण कंपनीचं नाव लिहिताना माझा हात थांबला. तो डबा आमच्या स्वयंपाकघरात होता. निळं झाकण, ओट्यावरच्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी. ठकी, म्हणजे माझी भाची, सकाळी अकराला आणि दुपारी चारला तेच खायची.

धाकट्याने काय केलं असणार, हेही मला तिथल्या तिथे कळलं. मसुदा नवा लिहिला की विधी शाखा त्यात शंभर खोड्या काढते. जुन्या प्रश्नातलं वाक्य तसंच उचललं की डोळे मिटून पास. म्हणून खालचे सगळे जुनीच वाक्यं उचलतात. आधीचा प्रश्न मोठ्यांच्या पिठाबद्दल होता, म्हणून 'प्रौढ व्यक्ती'. यादी तेवढी नवी जोडली होती. इतकं साधं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा ठकी सतरंजीवर बसून चमचा आपटत होती. मला बघून दोन दातांनी हसली. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि त्या फळीसमोर उभी राहिले. सांगावं तर हमी मोडते. भावजयीला सांगितलं तर ते समोरच्या दारापर्यंत, तिथून कुठपर्यंत जाईल देव जाणे. उद्या त्याच विषावर आदेश निघाला आणि कंपनीने कोर्टात विचारलं, सचिवबाई आणि मसुदा करणारे अधिकारी एकाच घरात राहतात ना, तर? पुन्हा दोन वर्षं. आणि या वेळी रंग नव्हता.

मी डबा उचलला, झाकण काढलं आणि हातातून सोडून दिला. अर्धा भरलेला होता. पांढरी पूड ओट्यापासून दारापर्यंत पसरली.

आवाज ऐकून धाकटा आला. त्याने जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, तुझ्या हातून कधी काही पडत नाही."

"आज पडलं."

 तो केरसुणी घेऊन स्वतःच झाडायला लागला. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फळीवर नवा डबा होता. तीच कंपनी, तेच निळं झाकण. "ह्यांनी आणला येताना," भावजय म्हणाली.  दुसरा डबा पाडणं शक्य नव्हतं. एवढं नाटक मला जमत नाही. इतका शिकलेला माणूस, खात्यात अधिकारी, आणि स्वतःच्या पोरीच्या डब्यावर काय आहे हे कळू नये? त्या रात्री जेवताना मी त्याच्यावर भाजीवरून उगाच खेकसले. त्याने ऐकून घेतलं.

गुरुवारी मी अध्यक्षांच्या खोलीत गेले. नियमात एक सोय होती, कलम नऊ: प्रश्न अपुरा वाटला तर समिती तो परत पाठवू शकते. बावीस वर्षांत ती कुणी वापरली नव्हती.

"प्रश्न परत पाठवायचा म्हणजे त्यांना विचारता येत नाही असं तोंडावर सांगणं," अध्यक्ष म्हणाले. "खातं दुखावेल. आणि मुद्दा परिशिष्टात आहेच की. वाचतील."

"नाही वाचत, सर."

"असं कसं म्हणता तुम्ही?"

मी चार वर्षांपूर्वीचा एक अहवाल बरोबर नेला होता. तो उघडून मी त्यांच्यापुढे ठेवला, पान अडतीस, इतर निरीक्षणे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. निवृत्तीपर्यंत सांगणारही नव्हते.

त्यांनी मोठ्याने वाचलं, "'उपाहारगृहातील पंखे दुरुस्तीसाठी काढले असल्याने सोमवारी व मंगळवारी जेवण मिळणार नाही.' हे काय आहे?"

"सूचनाफलकाचा कागद. माझ्या टेबलावर होता, माझ्याच हातून अहवालात टाचला गेला. सदतीसच्या पुढे एकोणचाळीस आहे. खरं अडतीसावं पान माझ्या खणात सापडलं, दोन महिन्यांनी. मी घाबरले आणि गप्प बसले. म्हटलं, खालून कुणी विचारेल तेव्हा बघू. चार वर्षांत कुणीही विचारलं नाही. त्यावर तीन आदेश निघाले."

"कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"तुमच्याही नाही, सर. त्याच पानावर खाली तुमची सही आहे."

ते खूप वेळ त्या सहीकडे बघत बसले. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. राग त्यांच्या नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते एवढंच म्हणाले, "बाईंना बोलवा."

विषाच्या बाईंनी पत्राचा मसुदा तिथेच उभ्याने सांगितला. दोन ओळी. यादीतील पदार्थ क्रमांक चौदा कोणासाठी आहे ते प्रश्नात नमूद करावे. तोपर्यंत समिती या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही.

आता लगेच पाठवलं असतं तर दुपारी खाली पोहोचलं असतं. जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या, मी मोजल्या आहेत. पण कलम नऊला सातही सदस्यांची लेखी संमती लागते. पाच जणांची दोन दिवसांत आली. सहाव्यांनी 'कोणासाठी' ऐवजी 'कोणत्या वयोगटासाठी' करा म्हणून सुचवलं, म्हणून परत पहिल्यापासून फिरवावं लागलं. सातवे एका परिषदेला गेले होते, ते कागद हातात घेतल्याशिवाय सही करत नाहीत. मी रोज सकाळी त्यांच्या घरी फोन करायचे. त्यांची बायको रोज सांगायची, "येतील हो, येतील." मी तिच्यावर एकदा चिडलेही. तिचा काय दोष?

ते दिवस कसे गेले ते मलाच माहीत. समोरच्या शेजारणीचा मुलगा ठकीपेक्षा एक महिन्याने मोठा. या डब्याचं नाव भावजयीला तिनेच सांगितलं होतं. ती रोज सकाळी त्याला कडेवर घेऊन जिन्यात उभी राहून भरवायची, कारण येणारी-जाणारी माणसं दिसली की तो आ करतो. मी कामाला निघाले की तो माझ्याकडे बघून आ करायचा आणि ती म्हणायची, "मावशी गेल्या बघ ऑफिसला." मी हसून खाली उतरायचे. शनिवार-रविवारी घरी ठकीच्या वाटीत पांढरं मऊ काहीतरी दिसायचं. मी तिकडे बघायचंच टाळलं. देवघरात जाऊन बसायचे, किंवा कपाट आवरायचे. कपाट त्या आठवड्यात चार वेळा आवरून झालं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी सातवी सही आली. मी शिपायाची वाट न बघता पत्र स्वतः खाली नेलं, नोंदवहीत सही घेतली आणि वर आले. धाकटा टेबलाशी बसलेला होता. त्याने मान वर केली नाही.

दुपारी दोन वाजता सुधारलेला प्रश्न वर आला. चार तासांत! असं कधी होत नाही. सोबत त्याच्या टिपणीची प्रत होती: "मूळ प्रश्नात 'प्रौढ व्यक्ती' हे शब्द मी जुन्या मसुद्यातून तपासणी न करता घेतले. चूक माझी आहे." खाली सही, तारीख. सरकारी फायलीत असं वाक्य मी नोकरीच्या सव्वीस वर्षांत वाचलं नव्हतं. चूक नेहमी होते, कुणी करत नाही. संध्याकाळी आदेश निघाला: पुढील निर्णयापर्यंत पदार्थ क्रमांक चौदा दुकानांतून काढावा. आणि धाकट्याला मसुद्यांवरून काढून नोंदणी शाखेत पाठवल्याचाही कागद त्याच संध्याकाळी निघाला. बढती यंदा होणार होती, ती गेली.

शनिवारी दिवसभर मी मनात शब्द जुळवत होते. संध्याकाळी तो ठकीला मांडीवर घेऊन बसला होता. मी स्वयंपाकघरात गेले. आदेश निघाला होता, आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तो डबा केरात टाकायचा आणि मोकळं व्हायचं, म्हणून मी फळीवरून उचलला.

जड लागला. झाकण उघडलं तर आतलं चंदेरी सील जसंच्या तसं.

मी तो हातात घेऊनच बाहेर आले. "हा उघडलाच नाही?"

"ह्यांनी उघडू दिला नाही," भावजय कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "म्हणे, नुसता फळीवर राहू दे. मी रोज भातच मऊ शिजवून देतेय. कारण विचारलं तर मिठाची गुळणी. तुम्हा दोघांचं काही कळत नाही बाई मला."

मी धाकट्याकडे बघितलं.

"त्याच दिवशी कळलं तुला?"

"तू डबा पाडलास तेव्हा नाही. दुसऱ्या दिवशी. फाईल काढून प्रश्न वाचला तेव्हा कळलं."

"मग तूच का नाही दुरुस्त केलास? तुझाच तर प्रश्न होता!"

"आणि कसं लक्षात आलं म्हणून सांगू? बैठक झाली मंगळवारी, मी प्रश्न बदलला बुधवारी, आणि सचिव माझी बहीण. वकिलाला आणखी काय हवं होतं?" त्याने ठकीच्या मुठीतून आपला शर्ट सोडवला. "म्हणून नवा डबा आणून ठेवला. उद्या कुणी विचारलंच तर घरात काही बदललेलं दिसू नये. मला माहीत होतं, तू सरळ रस्त्याने पाठवशील. मी रोज नोंदवही बघत होतो, ताई. रोज."

मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ठकीच्या पोटात ते गेलं नाही म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी डबा घेऊन तिथेच सतरंजीवर बसले. माझा धाकटा मूर्ख नव्हता. पोर सुखरूप होती. नियम मोडला नव्हता, आदेश पक्का होता, कोर्टात टिकणार होता. आम्ही दोघांनी सगळं बरोबर केलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. भावजयीने उघडलं. समोरची शेजारीण, कडेवर मुलगा, हातात निळ्या झाकणाचा रिकामा डबा.

"अगं, हा आज संपला. चार दुकानं फिरले, कुठेच नाही. बंद केलाय म्हणतात. तुझ्याकडे असेल तर दे ना, सोमवारी आणून देते. याला दुसरं काही चालतच नाही. दोन डबे फस्त केले याने एवढ्यात."

"आहे की," भावजय म्हणाली. "ताईंच्या हातात आहे बघ. दहा दिवस झाले आणून, सील पण फोडलेलं नाही. ह्यांनी उघडूच दिला नाही."

शेजारणीने हात पुढे केला होता. तो तसाच राहिला. ती आधी डब्याकडे बघत होती, मग धाकट्याकडे, मग माझ्याकडे. तिला काय माहीत होतं, आम्ही दोघं कुठे कामाला आहोत ते? माहीत होतं. सगळ्या जिन्याला माहीत होतं.

"का नाही उघडू दिला?" तिने विचारलं.

धाकट्याने मान खाली घातली. मी उठून उभी राहिले.

"याला हे देऊ नकोस," मी म्हटलं. "यात बुरशीचं विष आहे, मोठ्यांना चालेल एवढं, पण मुलांना जास्त होतं. लगेच काही होत नाही. आता बंद केलंय, आता काही भीती नाही. तरी डॉक्टरांना एकदा दाखव, मी येते बरोबर."

तिने मुलाला छातीशी धरलं. "तुम्हाला कधी कळलं?"

काल आदेश निघाला, असं मी म्हणू शकले असते. फायलीत तेच होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"अकरा दिवसांपूर्वी," मी म्हटलं.

 मुलाने माझ्याकडे बघितलं आणि सवयीने आ केला.